अतिदक्षता विभागातील मेंदूविकाराचे रुग्ण आणि त्यांचे भवितव्य



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले, पण पायऱ्या मांडल्या नाहीत, तर ते पुरते गुण देत नसत. आजच्या माझ्या विषयात उत्तर पुष्कळदा हाती नसते. पायऱ्या मात्र मांडता येतात. त्या मांडण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

विषय थोडा जड आहे, हे मी जाणतो. परंतु आज या सभागृहात असे एखादेच कुटुंब असेल, की ज्यातील कोणी ना कोणी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर रात्र काढलेली नाही. अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण, पक्षाघाताने अचानक कोसळलेले वडील, थांबता न थांबणारे फेफरे आलेली मुलगी, सापाने दंश केलेला शेतकरी, असे रुग्ण आत असतात आणि बाहेर एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, वाचेल ना?" बेळगाव, खानापूर, चंदगड या भागात मराठीत विचारा की कानडीत, प्रश्न हाच असतो.

वरवर हा एकच प्रश्न दिसतो. वस्तुतः त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. रुग्ण जगेल का, हा पहिला. जगला तर कसा जगेल, हा दुसरा. आणि या दोहोंचे उत्तर आज, या घडीला देता येते का, हा तिसरा. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. नातेवाईक विचारत नाहीत आणि, खेदाने म्हणावे लागते, आम्ही डॉक्टरही स्वतःला पुरेसा विचारत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळी मज्जासंस्थेच्या एका आजारातून जन्माला आली. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांसाठी ब्लेगडॅम रुग्णालयात एक लोखंडी श्वसनपेटी आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे एवढीच सामग्री होती. साथीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेथील प्रमुख डॉ. लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना पाचारण केले. इब्सेन यांनी सुचविले, की शस्त्रक्रियेच्या वेळी आपण भूल दिलेल्या माणसाला रबरी पिशवीने श्वास देतो, तसाच या रुग्णांना द्यावा. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावी आणि पिशवी हाताने दाबत राहावे. बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती वाचली. मग प्रश्न उभा राहिला, की शेकडो रुग्णांच्या पिशव्या रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून आले. आठवड्यामागून आठवडे ते रुग्णाच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात असा स्वतंत्र विभाग उभारला. आज जगभर अतिदक्षता विभाग म्हणून जे ओळखले जाते, त्याचा हा आरंभ.

या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या विद्यार्थ्यांनी पोलिओ बरा केला नाही. पोलिओवर औषध तेव्हाही नव्हते, आजही नाही. त्यांनी रुग्णाला फक्त वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात शरीराने आपले काम केले. अतिदक्षता विभाग सर्वांत अधिक देतो तो वेळ. म्हणून कोणत्याही रुग्णाच्या भवितव्याचा विचार करताना पहिली पायरी ही, की मिळालेल्या वेळात भरून येण्यासारखे काही शिल्लक आहे का?

काही आजारांत ते असते, आणि भरपूर असते. उदाहरण म्हणून गियाँ-बारे हा आजार घ्या. फ्रान्समधील डॉक्टरांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला चढवते. पायांतून सुरू झालेला लुळेपणा वर चढत जातो आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्र लागते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याच आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, संख्या दोनशेच्या आसपास गेली, आणि आपल्याकडे घरोघर या नावाची धास्ती पसरली. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यावाटे वा अन्नावाटे पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. या आजारात रक्तद्रव बदलण्याचा उपचार १९८० च्या दशकात आणि शिरेतून प्रतिपिंडे देण्याचा उपचार १९९० च्या दशकात सिद्ध झाला. मान हलवता न येणारा, पापणीही नीट न उचलणारा रुग्ण पाहून घरच्यांचा धीर सुटतो. पण या आजाराच्या एकूण रुग्णांपैकी, योग्य उपचार मिळाल्यास, सुमारे ८० टक्के सहा महिन्यांनंतर आधाराशिवाय चालू लागलेले असतात. मृत्यूचे प्रमाण साधारण ५ टक्के आहे. यंत्रावर गेलेल्यांमध्ये ते अधिक असते. म्हणजे धोका आहेच, पण आशेला भक्कम आधारही आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. मण्यार हा साप बहुधा रात्री चावतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी कधी सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, डोळ्यांवर झापड येते, बोलणे जड होते, आणि काही तासांत श्वास थांबतो. रुग्णालयात आणतात तेव्हा हातपाय गळालेले, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, उजेड टाकला तरी न आकसणाऱ्या. मेंदू मृत झाल्याची जी लक्षणे पुस्तकात असतात, ती जवळपास सगळी. आणि तरीही आत माणूस पूर्ण शुद्धीवर असू शकतो! त्याला ऐकू येत असते. मण्यारीचे विष मेंदूवर नव्हे, तर नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते. नसांची टोके पुन्हा वाढायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर यंत्राने श्वास दिला, तर हा माणूस आपल्या पायांनी घरी जातो. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मरण पावली. त्यांतील कित्येकांना हवा होता तो केवळ वेळेवरचा श्वास. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की शेतकरी माणूस पहाटे अचानक लुळा पडला असेल, तर दंशाची खूण नसली तरी मण्यार आठवा. आणि त्याच्या खाटेपाशी उभे राहून "आता काही राहिले नाही" असे कधीही बोलू नका.

एकाच विभागात शेजारशेजारच्या खाटांवर मण्यार चावलेला रुग्ण आणि मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला रुग्ण, दोघेही सारखेच निश्चल दिसतात. पण एकाची अवस्था दिवा शाबूत असून तार तुटावी तशी आहे, तर दुसऱ्याचा दिवाच फुटला आहे. तेव्हा बेशुद्धी किती खोल आहे याच्याही आधी विचारायचे ते तिचे कारण. कारण न कळता सांगितलेले भवितव्य हा निव्वळ अंदाज असतो.

आता खुद्द मेंदूलाच इजा झालेल्या रुग्णांकडे वळू. येथे उत्तर कठीण होते. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील ब्रायन जेनेट या मेंदूशल्यविशारदांनी या प्रश्नाला शिस्त लावली. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फ्रेड प्लम यांच्यासह एका अवस्थेला नाव दिले. डोळे उघडतात, झोप-जाग यांचे चक्र चालते, पण जाणिवेची काहीच खूण दिसत नाही, अशी ती अवस्था. १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची पद्धत दिली. तिच्या आजच्या रूपात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ पैकी गुण. सर्वांत कमी ३. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. आणि १९७५ मध्ये जेनेट व मायकेल बाँड यांनी निष्पत्तीच्या पाच पायऱ्या ठरवल्या : मृत्यू; जाणिवेविना जगणे; शुद्धीवर, पण रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून; अपंगत्व असले तरी स्वावलंबी; आणि चांगली सुधारणा.

जगणे आणि मरणे या दोन शब्दांच्या मध्ये किती अंतर आहे, हे या पाच पायऱ्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. "वाचेल ना?" या प्रश्नाला "हो" असे उत्तर दिले, तर ते यांपैकी शेवटच्या चार पायऱ्यांना सारखेच लागू पडते. घरच्यांच्या मनात मात्र त्या वेळी पाचवी पायरीच असते. गैरसमजाचे मूळ येथे आहे.

यावर काही आकडे ठेवतो. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धा मेंदू सुजतो, तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया आहे. युरोपातील तीन चाचण्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत, ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास वर्षअखेर ७८ टक्के हयात होते. न केलेल्यांत २९ टक्के. फरक केवढा मोठा! पण त्याच तक्त्याची पुढची ओळ वाचली पाहिजे. फार तर थोडीफार मदत लागते, पण स्वतः चालता येते, अशा स्थितीपर्यंत पोचलेले शस्त्रक्रियेच्या गटात ४३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २१ टक्के. म्हणजे शस्त्रक्रियेने मृत्यू टळला आणि चांगल्या स्थितीतील माणसेही वाढली. परंतु वाचलेल्यांतील पुष्कळजण मोठ्या परावलंबनाचे ओझे घेऊन वाचले. साठीपुढच्या रुग्णांवरची अशीच चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे मृत्यू ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला, पण पूर्ण स्वावलंबी असा एकही रुग्ण कोणत्याच गटात नव्हता. डोक्याला मार लागून मेंदूतील दाब काही केल्या उतरत नाही, अशा ४०८ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये आली. सहा महिन्यांनंतर मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रियेने सुमारे ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर उतरले. मात्र जाणिवेविना जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर चढले.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेताना "ऑपरेशन केले तर वाचेल" एवढेच सांगणे हे अर्धे सत्य आहे. वय काय, इजा कुठे, आणि वाचल्यावर कोणत्या पायरीवर राहण्याचा संभव अधिक, हे सांगितल्याशिवाय ते सत्य पुरे होत नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. भवितव्य सांगणे ही हवामानाच्या अंदाजासारखी निरुपद्रवी गोष्ट नाही. पाऊस पडेल असे म्हटल्याने पाऊस पडत नाही. परंतु "हा रुग्ण वाचणार नाही" असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी म्हटले, की उपचार सैल होतात, यंत्र काढले जाते, आणि रुग्ण जातो. मग ते भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते. पुढच्या वेळी डॉक्टर अधिक खात्रीने तेच बोलतात. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून अमेरिकेतील सिएटलच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की मृत्यूचे भाकीत करणाऱ्या घटकांत उपचार थांबवण्याचा निर्णय हाच सर्वांत प्रभावी घटक होता. कॅनडातील सहा रुग्णालयांतील डोक्याला गंभीर इजा झालेल्या ७२० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जे दगावले, त्यांतील सुमारे ७० टक्क्यांच्या बाबतीत जीवनाधार काढून घेतला होता. त्यांतील निम्मे निर्णय पहिल्या तीन दिवसांत झाले होते. आणि रुग्णालयागणिक मृत्यूचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांपासून ४४ टक्क्यांपर्यंत बदलत होते. इजा सारखी, देश एक, ज्ञान एक. तरी एवढे अंतर!

ज्यांना वेळ मिळतो, त्यांचे काय होते? अमेरिकेतील अठरा केंद्रांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णांत, दिवसाचा निदान काही काळ तरी घरी स्वतःचे स्वतः पाहू शकतील, असे दोन आठवड्यांनी केवळ १२ टक्के होते. वर्षअखेर ते ५२ टक्के झाले. दोन आठवड्यांनी ज्यांच्यात जाणिवेची खूणही नव्हती, त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश रुग्ण वर्षभरात शुद्धीवर आले, आणि सुमारे चौथा हिस्सा आपण कोण, कुठे, कोणत्या दिवशी आहोत, हे सांगू लागला. ही आकडेवारी तेथील उत्तम केंद्रांची आहे, ती जशीच्या तशी आपल्याकडे लागू करणे धाडसाचे होईल. पण एक गोष्ट ती निर्विवाद सांगते : दोन आठवड्यांचे चित्र हे वर्षाचे चित्र नव्हे.

या अनुभवातूनच आज जगभर काही संकेत रूढ झाले आहेत. मेंदूतील रक्तस्रावाच्या रुग्णाबाबत, त्याने पूर्वीच तशी इच्छा सांगून ठेवली नसेल तर, निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत उपचार मर्यादित करू नयेत. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाबाबत किमान ७२ तास, तेही गुंगीच्या औषधांचा अंमल उतरल्यानंतर, थांबावे; आणि एका चाचणीवर न विसंबता तपासणी, मेंदूचा विद्युत आलेख, प्रतिमा यांची सांगड घालून मगच बोलावे.

येथे कोणी म्हणेल, की मग काय, आशा सोडूच नये? तसे मी म्हणत नाही. खोटी आशा हीसुद्धा क्रूर असते. मस्तिष्कस्तंभ मृत झाला, म्हणजे माणूस मृत झाला. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने याला मान्यता दिली. चार डॉक्टरांचे मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी, आणि त्याआधी विष, औषधे, थंडी यांसारखी फसवी कारणे नाहीत याची खात्री, अशी त्याची रीत आहे. मण्यारीची गोष्ट सांगितली, ती या खात्रीचे मोल कळावे म्हणून. ही तपासणी रीतसर झाली, की त्यानंतर शंकेला जागा नाही. छाती वरखाली होते ती यंत्राने. अशा वेळी "अजून दोन दिवस पाहू" असे म्हणून बिल वाढवत नेणे हा अपराध आहे. आणि याच दुःखाच्या घडीला अवयवदानाने दुसऱ्या घरात दिवा लागू शकतो, हेही सांगितले पाहिजे.

या दोन टोकांच्या मध्ये मोठा, धूसर प्रदेश आहे. तेथे उपयोगी पडते ती मुदत ठरवून केलेली पराकाष्ठा. डॉक्टर आणि कुटुंब यांनी मिळून ठरवावे, की इतके दिवस सर्व उपचार नेटाने करू. त्या दिवशी अमुक गोष्टी पाहू. सुधारणा असेल तर पुढे जाऊ, नसेल तर पुन्हा बसून बोलू. यात आशाही आहे आणि तिला मर्यादाही आहे.

कायद्यानेही या प्रदेशात थोडी वाट आखली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, तेथेच अंथरुणावर होत्या. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्याबाबतची मागणी अमान्य केली, परंतु जीवनाधार थांबवण्याला काही अटींवर तत्त्वतः वाट दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने त्या निर्देशांच्या अंमलबजावणीचे परिपत्रक काढले. आपण सारे या राज्यात राहतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आणखी एक सांगितले पाहिजे. त्या ४२ वर्षांत के. ई. एम. च्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी आपल्या सहकारिणीची जी सेवा केली, ती या देशाच्या वैद्यकीय इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे.

"असे जगण्यापेक्षा मेलेले बरे," हे वाक्य आपण निरोगी माणसे सहज बोलतो. तो निर्णय आपला नव्हे, हे काही उदाहरणांनी कळते. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग १९८५ मध्ये जिनिव्हा येथे न्यूमोनियाने गंभीर आजारी पडले. चेतापेशींचा असाध्य आजार त्यांना आधीपासून होताच. यंत्र बंद करावे का, असे डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला विचारले. जेन हॉकिंग यांनी ठाम नकार दिला आणि त्यांना केंब्रिजला हलवले. हॉकिंग यांचे कायमचे बोलणे गेले. पण काळाच्या इतिहासावरचे त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक त्यानंतर, १९८८ मध्ये आले, आणि ते २०१८ पर्यंत जगले. फ्रान्समधील पत्रकार ज्याँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ मध्ये मस्तिष्कस्तंभाचा पक्षाघात झाला. केवळ डाव्या डोळ्याची पापणी हलत असताना त्यांनी एकेक अक्षर सांगून पुस्तक लिहिले. अशाच, शरीरात कोंडल्या गेलेल्या पण शुद्धीवर असलेल्या रुग्णांची फ्रान्समध्ये पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी आपण सुखी आहोत असे सांगितले. २८ टक्के सुखी नव्हते, हेही विसरता कामा नये. पण हे प्रमाण आपण कोणी आधी ओळखले असते का?

आणि काही माणसे आत आहेत, हेच आपल्याला दिसत नाही. २००६ मध्ये केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी जाणिवेविना असल्याचे निदान झालेल्या एका तरुणीला सांगितले, "टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर." तिच्या मेंदूच्या प्रतिमेत निरोगी माणसासारखाच भाग उजळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळल्याच्या खुणा दिल्या. म्हणजे चौघांमागे एक. तेव्हा रुग्णाच्या खाटेपाशी, तो ऐकत आहे असे धरूनच बोलावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

मित्रहो, यांतले बहुतेक आकडे परदेशांतले आहेत. आपल्याकडे उपचार थांबतात त्याचे कारण पुष्कळदा वैद्यकीय नसतेच. दागिने मोडले, जमीन गहाण पडली, सोसायटीचे कर्ज झाले, आणि मग "आम्ही स्वेच्छेने घरी नेत आहोत" अशा कागदावर अंगठा उठतो. तो रुग्ण गियाँ-बारेचा वा मण्यारीचा असेल, तर ती मोठी शोकांतिका आहे, कारण आणखी काही आठवड्यांत तो उठला असता. उलट, ज्याचा मेंदू संपला आहे त्याच्यासाठी जमीन गेली, तर मुलांच्या तोंडचा घास गेला. भवितव्य प्रामाणिकपणे सांगणे हे म्हणूनच केवळ शास्त्राचे काम नाही, तो एका घराच्या भाकरीचा प्रश्न आहे.

तेव्हा अशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना पुढील पाच प्रश्न जरूर विचारा. बेशुद्धीचे कारण नक्की कळले आहे का? ते भरून येण्यासारखे आहे का? वाचल्यास सर्वांत चांगली, सर्वांत वाईट आणि सर्वांत संभाव्य स्थिती कोणती? हे आज सांगता येते, की आणखी किती दिवस थांबावे लागेल? आणि तोवर खर्च किती, मदत कोठून मिळेल? असे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. "आज सांगता येत नाही" हे उत्तर मिळाले, तर ते अज्ञान समजू नका. पुष्कळदा तेच सर्वांत जाणते उत्तर असते.

आणि रुग्ण घरी आला, की निष्पत्तीचा दुसरा अंक सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून अन्न देताना डोके उंच ठेवणे, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, बोलण्याचा सराव, आणि सेवा करणाऱ्यालाही आठवड्यातून एक दिवस विसावा. आमच्या विभागातून उत्तम स्थितीत गेलेले रुग्ण पाठीला जखमा होऊन परत येतात, तेव्हा जाणवते, की निम्मी निष्पत्ती आमच्या हातात आहे आणि निम्मी घरातल्या माणसांच्या. दर तालुक्याला एक भौतिकोपचार केंद्र झाले, तर कित्येक रुग्ण एक एक पायरी वर चढतील. माजी विद्यार्थी संघाने मनावर घेतले, तर निदान एका तालुक्यापुरते हे काम अशक्य नाही. पाण्याच्या किंवा हवेच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या गरजूंना उसन्या देणारी एक साधी पेढी जरी या शाळेच्या आवारात सुरू झाली, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक होईल. तिच्यासाठी लागेल तो वेळ देण्यास मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत.

शेवटी एवढेच सांगतो. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांना आपण दाबत असलेल्या पिशवीने कोण जगेल आणि कोण नाही, हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक नाही, म्हणून त्यांनी हात थांबवला नाही. आणि रुग्ण गेला, की तेही त्यांनी मान्य केले. ज्ञानाची मर्यादा ओळखून कर्तव्य करणे ते हेच. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून माझे भाषण संपवतो.